दोन व्याही आणि एक आकडा

१२ मार्च

आदरणीय व्याहीबुवा,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही फोनवर नुसतं ‘हं’ म्हणता. पाणीपुरवठा खात्यात तीस वर्षं काढलेल्या माणसाच्या ‘हं’मध्ये होकार किती आणि नकार किती, हे ओळखण्याइतका मी हुशार नाही. म्हणून हे पत्र.

आपल्या कंपनीची उलाढाल यंदा जवळजवळ दीडपट झाली. सुरुवात एका टँकरवर केली होती. चालवायला आलटून पालटून मी आणि आमचे मामा. मामा तसे कुणाचेच मामा नव्हेत, पण सगळे ड्रायव्हर त्यांना मामाच म्हणतात. आज चाळीस टँकर आहेत, स्वतःचा डेपो आहे, आणि कारखाने, बेकऱ्या, इस्पितळं सगळीकडे डिझेल आपलं जातं. हे सगळं मी कागदावर न मांडता केलं, हे तुम्हाला ठाऊक आहे.

सूनबाईंना मात्र कागदाची फार आवड. घरात बसून कंटाळतात म्हणून त्यांना हिशेबाच्या खोलीत बसवलं, तर तीन महिन्यांत त्यांनी माझ्या साऱ्या आयुष्याचा एक आकडा काढून आणला. त्याला म्हणे फ्री कॅश फ्लो मार्जिन म्हणतात. मी म्हटलं, फ्री म्हणजे फुकट ना, मग आपल्याला नको. त्या हसल्या नाहीत. शंभराचं डिझेल विकलं, त्यातून तेल कंपनीचं बिल, पगार, टायर, दुरुस्ती, नव्या गाड्या, कर सगळं दिलं, की हातात रोख उरतं किती, ते म्हणजे हा आकडा. आपला आला अर्धा. शंभर रुपयांतला अर्धा रुपया. चाळीस टँकर फिरवून माणूस अर्ध्यावर जगत असेल तर चूक गणितातच असणार, असं मी त्यांना समजावलं.

मुद्द्याचं बोलतो. तुमचे निवृत्तीचे पैसे बँकेत नुसते झोपलेत. ते आपल्या कंपनीत ठेव म्हणून ठेवा. बँकेच्या दीडपट व्याज देतो. कंपनी घरची आणि हिशेब तुमच्याच मुलीच्या हातात. याहून मोठी हमी कुठली बँक देईल, तुम्हीच सांगा.

विहीणबाईंना नमस्कार.

आपला,
व्याही


१९ मार्च

आदरणीय व्याहीसाहेब,
साष्टांग नमस्कार.

माझ्या ‘हं’चा अर्थ ‘ऐकतोय’ एवढाच असतो. गैरसमज नसावा.

उलाढाल दीडपट झाल्याचं वाचून आनंद झाला. यंदा डिझेलचा भावही जवळजवळ दीडपट झाला, असं वर्तमानपत्रात होतं. तेव्हा लिटर किती वाढले, तेवढं कृपया कळवावं. आमच्याकडे गावाला पाणी किती मिळालं हे बिलाच्या रकमेवरून मोजत नसत.

चिंगीचा आकडा मला लगेच समजला. (तुमच्याकडे ती सूनबाई असली तरी आमच्याकडे अजून चिंगीच आहे, त्याबद्दल क्षमस्व.) टाकीत पाणी किती आलं याला फारसा अर्थ नसतो. वाटप झालं, गळती झाली, कुजलेले पाइप बदलले, आणि मग तळाशी जे उरलं, तेवढंच आपलं पाणी. अर्धा टक्का म्हणजे तळ दिसतो आहे, पण पाय ओले होतात.

तिला मी फोन करून विचारलं की पैसे ठेवू का. ती म्हणाली, “अप्पा, घरचं घरी, ऑफिसचं ऑफिसात.” आणि माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत ना, ते विचारलं. काही काळजीचं असतं तर बोलली असती, असं मी समजतो.

निम्मे पाठवायचं ठरवलं होतं. पण मुलगी तुमच्या घरात, आणि बापाने हात आखडता घेतला असं व्हायला नको. सगळेच पाठवतो आहे. अटी दोनच. तो आकडा दर तिमाहीला मला कळवायचा, आणि तो तीनच्या वर गेला की हप्त्याहप्त्याने माझी ठेव परत करायला सुरुवात करायची.

आमच्या घरी या विषयावर बोलणं झालेलं नाही. विहीणबाईंनी फोनवर तो काढू नये, एवढी विनंती.

आपला नम्र,
व्याही


८ जुलै

आदरणीय व्याहीबुवा,
स. न.

अडीच!

नुसता आकडा लिहिला तरी तुम्हाला पुरेसा आहे, पण मला राहवत नाही म्हणून सविस्तर लिहितो. (लिटरचं तुम्ही विचारलं होतं, ते पुढच्या पत्रात.)

हा आकडा वाटला तितका मूर्ख नाही. गाईसारखा आहे. कुठे हात लावला की दूध येतं ते कळलं पाहिजे. तेल कंपनीचं बिल आपण महिन्यात देत होतो, आता दोन महिन्यांनी देतो. ते बिचारे तक्रार करतात, पण नम्रपणे. उधारी वसुलीला मी स्वतः जातो आणि पैसे मिळेपर्यंत उठत नाही. एका कारखान्यात तीन तास बसलो, शेवटी मॅनेजरने माझ्या डोक्यावरचा पंखा बंद केला, तरी बसलो. तीन नव्या टँकरची ऑर्डर रद्द केली. टायर बदलायचे होते, ते स्वतः फिरून पाहिले. अजून गोल आहेत.

तुमची ठेवही त्यात धरली असती तर आकडा कुठल्या कुठे गेला असता. सूनबाईंनी धरू दिली नाही. म्हणाल्या, ते कमावलेले पैसे नाहीत, उसने आहेत. बापाच्या पैशाला उसने म्हणणारी मुलगी मी पहिल्यांदा पाहिली. पण मनाला लावून घेतलं नाही. एक मोठा फळा आणून केबिनमध्ये लावला आणि त्यावर खडूने अडीच लिहिलं. येणारा-जाणारा विचारतो. मी समजावून सांगतो.

आपला,
व्याही


१५ जुलै

आदरणीय व्याहीसाहेब,
सा. न.

पत्र दोनदा वाचलं. सकाळी फिरायला आमच्याबरोबर एक निवृत्त बँक मॅनेजर येतात. त्यांना मी सहज बोलता बोलता आकडा सांगितला. ते चालता चालता थांबले. आम्हा फिरणाऱ्यांत ते कुणासाठीच थांबत नाहीत.

तीनला आता अर्धाच कमी. हात सैल सोडू नये असं सुचवतो. आमच्या खात्यात निधी आटला की झडपांची दुरुस्ती वर्षभर पुढे ढकलत असू. खास काही होत नसे. ढकललेला खर्च हा वाचलेला खर्च नव्हे, असं मी नव्या इंजिनियरांना शिकवत असे हे खरं, पण तो सरकारी पैसा होता.

टायरबद्दल तुमचं निरीक्षण योग्यच असणार. तुम्ही स्वतः टँकर चालवलेला माणूस.

चिंगीचे फोन हल्ली कमी येतात. कामात रमलेली दिसते. लहानपणीही ती गणितात डोकं घातलं की हाकेला ओ देत नसे.

आपला नम्र,
व्याही


१० ऑक्टोबर

आदरणीय व्याहीबुवा,
स. न.

सव्वाचार. फळा पुसून दुप्पट मोठ्या अक्षरात लिहिलं. एवढा आनंद चिरंजीव पदवीधर झाले तेव्हाही झाला नव्हता. आणि तेव्हा तर ते पास होतात की नाही अशी शंकाही होती.

बँकेचे साहेब आकडा ऐकून स्वतः भेटायला आले. तिथे जरा विरस झाला, तो तुमच्या कानावर घालतो, म्हणजे दुसरीकडून वेडंवाकडं कळणार नाही. साहेब बसलेले असताना सूनबाई कागद घेऊन आल्या. वर आकडा होता आणि खाली त्यांनी आपल्या मनाने दुसरी ओळ लिहिली होती, ‘पुढे ढकललेलं’. होज एकतीस, टायर चौसष्ट, तेल कंपनीची दोन महिन्यांची बिलं. ही ओळ धरली तर सव्वाचार राहत नाही, आकडा उणे होतो, असं त्यांनी साहेबांना सांगितलं. साहेब चष्मा पुसू लागले.

मी म्हटलं, “सूनबाई, पाहुण्यांना घरातला केर दाखवायचा नसतो.”

त्या म्हणाल्या, “केर आहे, बाबा. मी फक्त झाडू मागतेय.”

आवाज चढवला नाही, उलट बोलल्या नाहीत, हे मान्य करतो. म्हणूनच जास्त लागलं. आता त्या डेपोवर असतात. गाडी केव्हा आत आली, केव्हा बाहेर गेली, याची वही लिहायची. काम हलकं आहे, हवा मोकळी आहे. त्यांनाही बदल हवाच होता. चिरंजीवांना विचारलं की तुझं काही म्हणणं आहे का, तर ते ताटावरून उठून गेले. तरुण मंडळींना हल्ली भूक लागत नाही.

होज म्हणजे टँकरमधून डिझेल उतरवायचा जाड रबरी पाइप. मामाही मध्ये ते सांगायला आले होते, की होजना बाहेरून तडे गेलेत. मी म्हटलं, मामा, तडे तुमच्या-माझ्या तोंडावरही आहेत, आपण चालतोय ना. ते गाडी काढून निघून गेले. म्हणजे पटलं असावं.

आपला,
व्याही


१७ ऑक्टोबर

आदरणीय व्याहीसाहेब,
सा. न.

हार्दिक अभिनंदन. चिंगीला लहानपणापासून मोकळ्या हवेची आवड आहे, तेव्हा तिचं चांगलंच झालं. पाहुण्यांसमोर बोलायला नको होतं. मी तिला तसं लिहीन म्हणतो.

एका नाजूक विषयासाठी हे पत्र. सव्वाचार हा आकडा तीनच्या वर आहे. ठरल्याप्रमाणे पहिला हप्ता सुरू करता आला तर बरं होईल. आमच्या मंडळींच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय. डॉक्टर म्हणतात डिसेंबरच्या आत शस्त्रक्रिया करा. ‘पैसे बँकेत आहेत, मग थांबलोय कशाला?’ असं त्या रोज विचारतात. हंगाम चांगला नाही, असं मी सांगतो. डोळ्यांना हंगाम असतो हे त्यांना नवीन आहे, पण अजून विश्वास ठेवतात.

आपला नम्र,
व्याही


९ नोव्हेंबर

व्याहीबुवा,

फोनवर बोलायचा धीर होत नाही.

मंगळवारी सकाळी मामा बेकरीवर डिझेल उतरवायला गेले. उतरवताना होज फाटला. जोडावर नाही, मध्येच, उभा चिरत गेला. पिठाच्या कोठाराचं दार उघडं होतं, सगळी धार आत गेली. मामा टँकरची झडप बंद करायला धावले आणि त्याच डिझेलवरून घसरले. मांडीचं हाड मोडलं. तशा अवस्थेत सरपटत जाऊन त्यांनी झडप बंद केली. भट्टी वीस पावलांवर पेटलेली होती. बेकरीवालीने हातातले ट्रे टाकून आधी बर्नर विझवला, आरडाओरडा नंतर केला. आग लागली नाही. याच्यापुढे मला काही लिहिता येत नाही, पण लिहायला हवं.

चारशे पोती पीठ गेलं. अर्ध्या शहराला चार दिवस पाव मिळाला नाही, आणि का मिळाला नाही हे प्रत्येकाला ठाऊक आहे. बातमी तेल कंपनीपर्यंत गेली. त्यांनी उधारी बंद केली. आधी मागचं सगळं द्या, मग नवं डिझेल. वाहन तपासणीवाले डेपोत आले आणि टायर पाहून अकरा गाड्या उभ्या केल्या. त्यांच्या मते टायर गोल असणं पुरेसं नसतं.

बाकीच्या गाड्या सूनबाईंनी आधीच थांबवल्या होत्या. बेकरीवरून फोन आला, तशी त्यांनी डेपोचं फाटक लावून घेतलं. सगळे होज उतरवून एका खोलीत टाकले आणि खोलीला कुलूप घातलं. मला विचारलं नाही. मी पोचलो तेव्हा किल्ली त्यांच्या हातात होती. मी मागितली नाही.

हप्त्याचं या महिन्यात जमणार नाही, हे तुम्ही समजलाच असाल. फळा उतरवून ठेवलाय.

व्याही


१४ नोव्हेंबर

व्याही,

काल इस्पितळात जाऊन तुमच्या मामांना भेटून आलो. पायाला वजन टांगून ठेवलंय. त्यांनी मला ओळखलं आणि बसायला सांगितलं. होजबद्दल त्यांनी तुम्हाला एकदा नाही, तीनदा सांगितलं होतं. आणि डेपोच्या वहीत गाडीची वेळ लिहून पुढे ‘होज खराब’ असं माझी मुलगी रोज, प्रत्येक गाडीसमोर लिहीत होती. ती वही तुम्ही कधी उघडली नाहीत. तिला तुम्ही हवा खायला पाठवलं असं मला लिहिलंत आणि मी ते गिळलं.

माझी संपूर्ण ठेव व्याजासह या महिनाअखेर परत हवी. सबबी नकोत. नातं आहे म्हणून एवढंच लिहितो, नाहीतर वकिलाचं पत्र आलं असतं.

इथे थांबणार होतो. पण मामांनी निघताना आणखी एक विचारलं. म्हणाले, “तुम्ही पाण्याचे साहेब ना? तुम्हाला तर नुसतं कानावर आलं असतं तरी कळलं असतं.” मी नुसतं ‘हं’ म्हटलं. घरी आल्यावर तुमची पत्रं काढून वाचली. टायर, होज, सगळं त्यात स्वच्छ लिहिलेलं आहे. तुम्ही माझ्यापासून काही लपवलं नव्हतं. माझ्या उत्तरांच्या प्रती मी ठेवत नाही, पण काय लिहिलं होतं ते दुर्दैवाने आठवतं.

आमच्या मंडळींना सगळं सांगावं लागलं. त्या शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “मला एका डोळ्याने दिसतं तेवढंही तुम्हा दोघांना चार डोळ्यांनी दिसलं नाही.” तेव्हापासून माझ्याशी फक्त मीठ लागेल का, एवढंच बोलतात.

ठेवीची मागणी कायम आहे.

— व्याही


२ डिसेंबर

आदरणीय बाबा आणि अप्पा,
दोघांना नमस्कार.

दोघांना मिळून एकच पत्र लिहितेय. वेगवेगळं सांगितलं की तुम्ही आपापल्या सोयीचं तेवढं ऐकता.

काल तेल कंपनी आणि बँक या दोघांबरोबर बैठक झाली. खर्चावर सही माझी असेल तर ते पुन्हा डिझेल द्यायला आणि बिलं हप्त्यांत घ्यायला तयार आहेत. बाबांनी तसं लिहून दिलं. सही करून बाबांनी पेन माझ्यापुढे ठेवलं. बाबांचे चिरंजीव तेव्हा बोलले. गेल्या वर्षभरात ऑफिसात त्यांचं एवढं लांब वाक्य मी ऐकलं नव्हतं. म्हणाले, “हे आधीच करायला हवं होतं.”

पैसे या क्रमाने जातील. आधी मामांचा उपचार आणि ते घरी असतील तितके दिवस पूर्ण पगार. मग होज आणि टायर. मग बेकरीची भरपाई. मग तेल कंपनी. ठेवीदार त्यानंतर. अप्पा, ठेवीदारांत तुम्ही एकटेच आहात, तरीही त्यानंतरच. महिनाअखेर वगैरे जमणार नाही. वकिलाकडून पत्र आलं तरी मी त्याला हेच उत्तर देईन, त्यापेक्षा वकिलाचे पैसे वाचवा.

आईच्या डोळ्याचं मी आणि ह्यांनी आमच्या पगारातून ठरवलंय. अठरा तारीख मिळाली. त्यात कंपनीचा काही संबंध नाही आणि ते कुणी परत करायचं नाही.

चूक माझीही आहे. मार्चमध्ये अप्पांनी विचारलं तेव्हा ‘ठेवू नका’ एवढे दोन शब्द बोलायला हवे होते. सासरची अब्रू राखायला गेले आणि बापाला गोळ्यांचं विचारत बसले. त्याची मला रोज आठवण होते.

अप्पा, डेपोवर होज आणि झडपा तपासायला जाणकार माणूस हवाय. पगार देता येणार नाही. सकाळी नऊला फाटक उघडतं.

तुमची,
सूनबाई / चिंगी


११ एप्रिल

आदरणीय व्याहीबुवा,
स. न.

रोज डेपोवर दिसता, नमस्कार करता आणि होजकडे वळता. तेव्हा पुन्हा पत्रच लिहावं म्हटलं. हल्ली मला वेळही असतो. सूनबाईंनी मला जुन्या गिऱ्हाइकांना भेटायचं काम दिलंय. वसुलीचं नव्हे, नुसतं भेटायचं. ज्या कारखान्यात पंखा बंद केला होता तिथेही जाऊन आलो. या वेळी त्यांनी पंखा लावला, आणि तिथे काय बोलावं ते मला कळेना.

वर्षाचा आकडा आला. पाव टक्का. मी सूनबाईंना विचारलं, हा वाईट आहे का. त्या म्हणाल्या, “खरा आहे.” चाळीस वर्षांच्या धंद्यात मला कुणी असं उत्तर दिलं नव्हतं. बेकरीवालीची भरपाई फेडून झाली, तेल कंपनीचं मागचंही फिटत आलंय. तिने पुन्हा डिझेल आपल्याकडूनच घ्यायचं ठरवलंय. अट एकच, गाडी आली की होज ती स्वतः हात लावून बघणार. मामा काठी घेऊन येतात, फाटकाशी खुर्ची टाकून बसतात आणि नव्या ड्रायव्हरांना शिव्या घालतात. माझ्याशी बोलतात. पूर्वीसारखं नाही, पण बोलतात.

लिटरचं तुम्ही वर्षापूर्वी विचारलं होतं. आता कागदावर पाहिलं. वाढले नव्हते. थोडे घटलेच होते.

आता एक गोष्ट. मी काही सुचवत नाही, फक्त कळवतो. नवे होज गाड्यांना लागले, पण डेपोच्या आतल्या टाक्यांचे जुने वीस होज या महिन्यात तुमच्याकडे तपासणीला येतील. तुम्ही ते बाद केले तर नवे घ्यावे लागतील. ठीक म्हणालात तर या तिमाहीचा आकडा एकच्या वर जातो, आणि मग रांगेत पुढचा नंबर ठेवीदाराचा. जूनमध्ये तुमचा पहिला हप्ता सुटेल. हिशेब माझा नाही, सूनबाईंच्या कागदावरून केलाय.

विहीणबाईंना नमस्कार. आता त्यांना स्पष्ट दिसतं असं ऐकतो, तेव्हा जपून राहा.

आपला,
व्याही


२ मे

आदरणीय व्याहीसाहेब,
सा. न.

तुमचं पत्र आमच्या मंडळींनी फोडलं आणि चष्म्याशिवाय मोठ्याने वाचून दाखवलं. ‘मी काही सुचवत नाही’ या वाक्याला त्या थांबल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या.

होज परवा तपासले. खोटं कशाला बोलू, आदल्या दिवसापासून माझ्या डोक्यात जून महिनाच होता. पहिला होज हातात घेतला तेव्हा मनाशी म्हणत होतो की आतल्या टाक्यांचेच तर आहेत, रस्त्यावर जायचे नाहीत, भट्टीजवळ जायचे नाहीत, आणखी एक वर्ष सहज निघेल. असं मनाशी म्हणायची मला तीस वर्षांची सवय आहे. मग वाकवून पाहिला. आतलं रबर सुटलेलं होतं. बाद लिहिलं. दुसरा तसाच. मामा फाटकावरून नुसते बघत होते. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

दुपारपर्यंत एकोणीस बाद झाले. विसावा दिसायला बरा होता. त्यापुढे ‘ठीक’ लिहिलं आणि तक्ता हिशेबाच्या खोलीत दिला.

चिंगीने तो वरून खाली वाचला. एकोणीस होजचे पैसे किती होतात ते तिने कागदाच्या कडेला मांडलं. माझा हप्ता जूनमधून पुढच्या मार्चमध्ये गेला, हे मला उलट्या बाजूनेही वाचता आलं. तिला माझ्याबद्दल काही वाटलं असेल तर तिने ते तोंडावर दिसू दिलं नाही. शाबासकीची मी वाट बघत होतो, हे तुम्हाला म्हणून सांगतो.

तिने एवढंच विचारलं, “अप्पा, विसावा ठीक कसा?”

मी म्हटलं, दिसायला चांगला आहे.

“दाब देऊन पाहिला?”

नव्हता पाहिला. ऊन झालं होतं, भूक लागली होती. आणि विसातला एक तरी माझ्या बाजूने असावा असंही वाटत होतं. मी तिला यातलं काही सांगितलं नाही. तक्ता घेऊन परत गेलो, होजला पंप जोडला, पाणी भरलं आणि दाब चढवत नेला. बराच वेळ काही झालं नाही. मला वाटलं, चला, निदान एक. मग जोडापासून वीतभर अंतरावर एक थेंब आला. मी तो बोटाने पुसला. पुन्हा आला.

बाद लिहिलं आणि खाली सही केली.

आपला नम्र,
व्याही